आधी बीम, मग धोटा

“सर, टेरीमागाचा कन्स्ट्रक्टर मी लिहिलाय की. मग हा कंपायलर मागाच्या नावानं का ओरडतोय?”

पोरगं सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, पडद्यावर जावा. त्यानं ‘माग’ नावाचा एक क्लास लिहिला होता आणि त्याचा वारस म्हणून ‘टेरीमाग’, म्हणजे टॉवेलचा माग. मागाचा कन्स्ट्रक्टर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे किती ते विचारत होता. टेरीमागाचा कन्स्ट्रक्टर मात्र लूपचे धागे किती एवढंच विचारून गप्प बसत होता. त्यावर जावाचं म्हणणं असं, की ‘माग’ या क्लासमध्ये काहीही न विचारणारा कन्स्ट्रक्टर सापडत नाही. पोरानं असा कन्स्ट्रक्टर बोलावलाच नव्हता. न मागितलेली वस्तू सापडत नाही म्हणून शिव्या खाव्या लागल्या तर कुणीही चिडेल.

मी उत्तर दिलं नाही. विचारलं, “टॉवेलच्या मागाला बीम किती?”

“दोन. एक जमिनीचा, म्हणजे खालच्या साध्या कापडाचा, एक लूपचा.”

“नुसता लूपचा बीम लावला तर?”

“लूप धरणार कुणाला, सर?”

उत्तर त्याच्याच तोंडून आलं होतं. फक्त ते जावाचं उत्तर आहे हे त्याला कळायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात फळ्यावर जे झालं, ते इथं थोडं ऐसपैस सांगतो.

यंत्रमागाच्या शेडबाहेरून जाणाऱ्याला वाटतं, कापड म्हणजे धोट्याची ये-जा. त्याच्यात चूक नाही. धोटा हलतो, आवाज करतो, लक्ष वेधून घेतो. पण धोट्याची पहिली फेरी होण्याआधी जे घडतं, ते कितीतरी मोठं काम असतं. सूत आधी वार्पिंगला जातं. तिथं शेकडो कोनांवरचे धागे एकमेकांना समांतर येऊन बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळले जातात. मग सायझिंग, म्हणजे धाग्याला खळ. मागावर घासून तो तुटू नये म्हणून. मग भरलेला बीम मागावर येतो आणि इचलकरंजीकडं ज्याला वहिफणी म्हणतात ते डोळे फोडणारं काम सुरू होतं. बीमवरचा एकेक धागा वहीच्या डोळ्यातून ओढायचा, तिथून फणीच्या दातांमधून पुढं काढायचा. असे हजारांनी धागे. एक जरी चुकीच्या डोळ्यात गेला तरी कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी रेघ पडते. आणि एवढं करून हातात कापड किती? बोटभरही नाही.

कन्स्ट्रक्टर म्हणजे हे सगळं.

‘ऑब्जेक्ट तयार करतो तो कन्स्ट्रक्टर’ अशी व्याख्या मुलं पाठ करतात. मला ती कधी पटली नाही. ऑब्जेक्टसाठी मेमरीत जागा मिळण्याचं काम कन्स्ट्रक्टरच्या आधीच उरकलेलं असतं. शेडमध्ये लोखंडी सांगाडा उभा आहे, पण त्याला माग म्हणून काम सांगता येत नाही. कन्स्ट्रक्टर त्या सांगाड्याला चालवण्याजोगा करतो आणि त्याचं काम संपेपर्यंत कुणी खटका दाबू नये, असा त्याच्यामागं एक अलिखित करार असतो. अर्धवट लावलेला माग सुरू होऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठीच ही सगळी यातायात.

हा करार कुणाला सुचला आणि का, हे पाहायचं तर आधी सी भाषेकडं जावं लागतं. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ती घडवली. सीमध्ये चार-पाच गोष्टींचं एक गाठोडं बांधता येतं, त्याला स्ट्रक्चर म्हणतात. फंक्शनच्या आत असं गाठोडं जाहीर केलं, की मेमरीतली एक खोली त्याच्या नावावर होते, पण ती खोली कुणी झाडून देत नाही. आधीच्या भाडेकरूचं जे सामान पडलं असेल तेच तुमचं. धाग्यांची संख्या वाचायला जावं तर शून्य निघेल, नाहीतर उणे बावीस कोटी. म्हणून प्रोग्रॅमर एक वेगळं फंक्शन लिहायचे, गाठोडं नीट भरून देणारं, आणि ते प्रत्येक वेळी आठवणीनं बोलवायचे. म्हणजे नव्व्याण्णव वेळा बोलवायचे. शंभराव्या वेळी रात्रीचे दोन वाजलेले असायचे.

बियार्ने स्ट्राउस्ट्रुप या डॅनिश माणसानं १९७९ मध्ये त्याच बेल लॅब्जमध्ये ‘सी विथ क्लासेस’ नावाचं काम सुरू केलं. पुढं त्याचंच सी प्लस प्लस झालं. त्यांनी ही आठवण ठेवण्याची जबाबदारी माणसाकडून काढून कंपायलरकडं दिली. क्लासमध्ये एक खास फंक्शन लिहायचं. ऑब्जेक्ट जन्माला आलं की कंपायलर स्वतःहून ते बोलावणार. विसरायची सोयच नाही. गंमत म्हणजे सुरुवातीला त्या फंक्शनचं नाव ‘न्यू’ असं होतं. क्लासचंच नाव कन्स्ट्रक्टरला द्यायची रीत, जी आपण आज जावातही पाळतो, ती नंतर आली.

पण वारशाची कल्पना स्ट्राउस्ट्रुप यांची नव्हे. केंब्रिजला पीएचडी करताना त्यांनी सिम्युला नावाची भाषा वापरली होती आणि तिथून ती त्यांच्या डोक्यात बसली होती. सिम्युला नॉर्वेची. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड हे दोघं ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये रांगांचा अभ्यास करणारे प्रोग्रॅम लिहीत. कारखान्यात माल कुठं तुंबतो, बंदरात बोटी किती खोळंबतात, असल्या प्रश्नांची नक्कल कॉम्प्युटरवर करून बघायची. त्यांच्यापुढच्या उदाहरणांत पुलावरचा टोलनाका होता. ट्रक येतात, बस येतात. प्रत्येकाचे नियम वेगळे, पण रांगेत उभं राहणं सगळ्यांना सारखंच. सावळेश्वरच्या टोलनाक्यावर पुण्याच्या बाजूला तोंड करून दहा मिनिटं उभं राहिलेल्या सोलापूरकराला ही कल्पना वेगळी समजावून सांगायची गरज नाही. रांगेचं वागणं ‘वाहन’ या क्लासमध्ये एकदाच लिहायचं आणि ट्रक-बसनं ते वारशानं घ्यायचं. १९६७च्या मे महिन्यात ऑस्लोजवळ लिसेबू इथं झालेल्या परिषदेत डाल आणि न्यूगार्ड यांनी क्लास आणि सबक्लासची ही मांडणी जगापुढं ठेवली. २००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळून मिळाला आणि २००२ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतरानं दोघंही गेले.

सिम्युलात कन्स्ट्रक्टर असा वेगळा नव्हता. क्लासच्या पोटात लिहिलेल्या ओळी हाच कन्स्ट्रक्टर. ऑब्जेक्ट झालं की त्या ओळी चालायच्या. आणि वारसा आला की काय करायचं? तर पालक-क्लासच्या ओळींमध्ये ‘इनर’ असा एक शब्द टाकायचा. आधी पालकाच्या ओळी चालणार, ‘इनर’पाशी त्या थांबणार, तिथं वारसाच्या ओळी चालणार आणि मग पुन्हा पालकाच्या उरलेल्या. थोडक्यात सुरुवातीचा शब्द वडिलांचा, शेवटचा शब्दही वडिलांचाच, मधल्या मधे पोरानं काय बोलायचं ते बोलून घ्यावं. आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीत बसलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटेल. नंतरच्या भाषांनी शेवटचा शब्द वारसाला दिला, पण पहिला शब्द अजून पालकाचाच आहे.

आता त्या पोराच्या पडद्याकडं परत.

टेरीमाग हा मागाचा वारस. म्हणजे मागात जे आहे ते सगळं त्याच्यात आहेच. नवं टेरीमाग-ऑब्जेक्ट तयार होतं तेव्हा त्याच्या पोटात मागाचा भागही असतो, आणि तो लावायचा कसा हे टेरीमागाला माहीत नसतं. ते ज्ञान मागाच्या कन्स्ट्रक्टरकडं. म्हणून टेरीमागाच्या कन्स्ट्रक्टरनं सर्वात आधी वर हाक मारायची, “एवढे धागे घ्या आणि जमिनीचा भाग लावून द्या,” आणि वरून काम झालं की आपला लूपचा बीम चढवायचा. जावात या हाकेला ‘सुपर’ म्हणतात. खरं सांगायचं तर शेडमध्ये कुठला बीम आधी उचलून ठेवला याला फारसं महत्त्व नाही. दोन्ही लागल्याशिवाय माग सुरू होत नाही इतकंच. कॉम्प्युटरला मात्र क्रम लागतो. वारसाच्या कन्स्ट्रक्टरनं पालकाचा भाग वापरायला घेतला, तर तो आधीच धड असायला हवा. उलट बाजूनं अशी गरज नसते, कारण पालकाला आपले वारस कोण आहेत हेच माहीत नसतं.

मग पोराच्या प्रोग्रॅमवर ती विचित्र तक्रार का? कारण जावाचे दोन अगाऊ उपकार. पहिला: क्लासमध्ये तुम्ही एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर जावा गुपचूप एक रिकामा कन्स्ट्रक्टर देते, पण तुम्ही स्वतःचा एक जरी लिहिलात तरी ती भेट परत घेते. दुसरा: वारसाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘सुपर’ लिहायला विसरलात, तर जावा स्वतःच पहिल्या ओळीच्या आधी एक ‘सुपर’ घालते, तेही रिकाम्या हातांचं. पोरानं मागासाठी धागे विचारणारा कन्स्ट्रक्टर लिहिला, त्याबरोबर रिकामा कन्स्ट्रक्टर गेला. मग टेरीमागात ‘सुपर’ लिहिलं नाही, म्हणून जावानं रिकामी हाक घातली. दोन उपकार एकमेकांवर आदळले आणि चूक पोराच्या नावावर लागली.

“पण सर, मागाचा कन्स्ट्रक्टर टेरीमागाला वारशानं मिळायला नको का?”

नको. इथं सातबारा आठवावा. बाप गेल्यावर वारसनोंद होते, जमीन पोराच्या नावावर चढते, विहीर येते, बांधावरचं चिंचेचं झाडही येतं. बापाची सही मात्र मिळत नाही. कन्स्ट्रक्टर ही ती सही. मागाच्या कन्स्ट्रक्टरला फक्त माग लावता येतो, लूपचा बीम त्याच्या गावीही नसतो. तोच जर टेरीमागाला चालवून घेतला तर अर्धाच लागलेला टेरीमाग हातात येईल, आणि करार मोडेल. २०११ च्या सी प्लस प्लसमध्ये पालकाचे कन्स्ट्रक्टर मागून घेता येतात, पण तसं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. आपोआप नाही.

पोरानं टेरीमागाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये दोन्ही आकडे घेतले, जमिनीचा आकडा ‘सुपर’कडं पाठवला, लूपचा आपल्याकडं ठेवला. तक्रार बंद. मी त्याला म्हणालो, “जावानं तुला आत्ताच अडवलं म्हणून तिचे आभार मान.” पायथनमध्ये वारसानं स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला की पालकाचा आपोआप चालत नाही. हाक मारली नाही तरी पायथन हूं की चूं करत नाही. ऑब्जेक्ट तयार होतं, हसतखेळत फिरतं, आणि दुपारी कधीतरी कुणी धाग्यांची संख्या विचारली की त्या नावाची वस्तूच सापडत नाही. चूक सकाळची, बोंब दुपारची. मधल्या वेळात झालेलं सगळं काम तपासत बसा.

जावाचा एक हट्ट मात्र मलाही जाचायचा. ‘सुपर’ ही कन्स्ट्रक्टरची पहिलीच ओळ हवी, तिच्याआधी काही म्हणजे काही लिहायचं नाही. धाग्यांचा आकडा शून्याखाली आलाय का एवढं तपासायचं म्हटलं तरी आधी बीम चढवा आणि मग सूत बघा, असा प्रकार. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या २५ व्या आवृत्तीनं हा हट्ट सोडला. आता ‘सुपर’च्या आधी तपासणी करता येते, फक्त अर्धवट ऑब्जेक्टमधलं काही वाचायला किंवा त्याला काम सांगायला मनाई आहे. तीस वर्षं लागली.

वारशात फक्त वस्तू मिळत नाहीत, वागणंही मिळतं, आणि ते बदलताही येतं. इथं टॉवेल माझ्या फार कामाला येतो. टेरी टॉवेल सोलापूरचा, त्याला आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, पण तो विणला जातो कसा हे अंग पुसणाऱ्या कितीजणांना माहीत असतं?

साध्या कापडात प्रत्येक बाण्याला, म्हणजे प्रत्येक पिकाला, फणी पूर्ण ठोका देते. धागा तयार कापडाच्या कडेला जाऊन चिकटतो. टॉवेलमध्ये जमिनीचा बीम ताठ असतो, लूपचा सैल. पहिले दोन पिक पडतात तेव्हा फणी मुद्दाम अलीकडंच थांबते. कापडाची कड आणि हे दोन बाणे यांच्यात थोडी मोकळी जागा राहते. तिसऱ्या पिकाला पूर्ण ठोका. तिन्ही बाणे एकदम पुढं सरकतात, ताठ धाग्यांवरून घसरत जातात, पण सैल धाग्यांना मात्र बरोबर ओढून नेतात. मोकळ्या जागेत पसरलेला तो सैल धागा जाणार कुठं? तो वर उचलला जातो आणि त्याचा वेढा होतो. तोच लूप. टॉवेलचा मऊपणा म्हणजे हे दोन अर्धे ठोके आणि एक पुरा.

मागाला ‘ठोका दे’ ही आज्ञा येते. मागात तिचा अर्थ एक, टेरीमागात दुसरा. आज्ञा देणाऱ्याला हे माहीत असायची गरज नाही. समोर जो माग असेल तो आपल्या पद्धतीनं ठोका देतो. पालकाकडून आलेलं वागणं वारसानं असं नव्यानं लिहिणं याला ओव्हररायडिंग म्हणतात, आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची निम्मी मजा यातच आहे.

आणि निम्मा मनस्ताप. समजा, मागाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये शेवटी तुम्ही एक ओळ घातलीत: सगळं लागलं, आता दोन बोटं नमुना विणून बघ. साधा माग असेल तर ठीक. टेरीमाग तयार होताना काय होईल? आधी पालकाचा कन्स्ट्रक्टर चालतोय. लूपचा बीम अजून चढलेला नाही. तेवढ्यात ‘ठोका दे’ अशी आज्ञा सुटते. कुणाचा ठोका पडणार?

जावा म्हणते, ऑब्जेक्ट टेरीमाग आहे ना, मग टेरीमागाचाच. तो ठोका लूपच्या बीमकडं हात करतो, तिथं पोकळी, आणि प्रोग्रॅम कोसळतो. सी प्लस प्लस म्हणते, पालकाचा कन्स्ट्रक्टर चालू आहे तोवर हे ऑब्जेक्ट निव्वळ माग आहे, टेरीमाग अजून व्हायचाय. म्हणून साधा ठोका. कोसळत काही नाही, पण टॉवेलची ऑर्डर असताना नमुना मात्र मांजरपाटाचा निघतो. सी शार्पनं तिसरीच वाट धरली आहे: ठोका वारसाचाच, पण वारसाच्या क्लासमध्ये जाहीर करतानाच ज्या किमती दिल्या असतील त्या पालकाच्या कन्स्ट्रक्टरच्या आधी भरल्या जातात, त्यामुळं थोडा आधार मिळतो. तिघींपैकी बरोबर कोण, यावर मला विचाराल तर सी प्लस प्लसचं तर्कशास्त्र स्वच्छ आहे आणि जावाचं कोसळणं उपयोगी आहे. पण शहाण्यानं कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणाऱ्या कुठल्याही कामाला हाक मारूच नये.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. सोलापूरला परतण्याआधी पुण्यातल्या एका कंपनीत जावा लिहीत होतो. ‘पावती’ नावाचा क्लास, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्येच मी मथळा तयार करून ठेवत होतो, चार ओळी वाचतात म्हणून. मग ग्राहकाच्या नावाची पावती हवी झाली. वारस क्लास लिहिला, मथळ्याचं काम ओव्हरराइड केलं, त्यात ‘श्री.’ आणि पुढं ग्राहकाचं नाव. पालकाचा कन्स्ट्रक्टर चालताना ग्राहकाचं नाव अजून भरलेलंच नव्हतं. जावात न भरलेल्या जागी नल असतो, आणि तो मजकुराला जोडला तर जावा कोसळत नाही, सरळ ‘नल’ अशी अक्षरं छापते. दिवसभरात निघालेल्या एकूण एक पावत्या ‘श्री. नल’ यांच्या नावानं गेल्या. साहेब म्हणाले, दमयंतीच्या नवऱ्यानं बरीच खरेदी केलेली दिसते. वर्गात हा किस्सा सांगितला की पोरं हसतात, आणि कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होणारं काम बोलवू नये हे त्यांच्या कायमचं लक्षात राहतं. नियम सांगून राहत नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच पोरानं वारशाचा मळा फुलवून आणला. माग, त्याचे वारस टेरीमाग, जॅकार्डमाग, डॉबीमाग. मग त्याला आठवलं, नक्षीचे टॉवेलही असतात. म्हणून टेरीजॅकार्डमाग, तो टेरीमागाचाही वारस आणि जॅकार्डमागाचाही. जावानं दारातच अडवलं, कारण तिथं एका क्लासला एकच पालक-क्लास. “सी प्लस प्लसमध्ये चालतं म्हणे,” तो म्हणाला. चालतं, १९८९ पासून. पण मोज: टेरीमागाच्या पोटात एक माग, जॅकार्डमागाच्या पोटात एक माग, तुझ्या टेरीजॅकार्डमागाच्या पोटात दोन. जमिनीचे बीम दोन, फण्या दोन. ठोका सांगितला तर कुठल्या फणीला? आकृती काढली तर चौकटीच्या पानासारखी दिसते, म्हणून याला डायमंड प्रॉब्लेम म्हणतात. सी प्लस प्लसमध्ये त्यावर उपाय आहे, दोन्हीकडून येणारा माग सामाईक आहे असं जाहीर करायचं. पण मग तो सामाईक माग लावायची जबाबदारी टेरीमागाचीही नाही आणि जॅकार्डमागाचीही नाही, थेट शेवटच्या वारसाची. भाऊबंदकीत पडलेल्या वाड्याच्या डागडुजीसारखं.

“तू शेडमध्ये वर बघितलंस का कधी?” मी विचारलं.

जॅकार्ड हा मागाचा प्रकारच नव्हे. ते मागाच्या डोक्यावर बसवलेलं वेगळं यंत्र आहे. लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ मध्ये ते पुरं केलं. जाड पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्यांनी एकमेकांना जोडून माळ केलेली, प्रत्येक पिकाला एक कार्ड. कार्डात जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते, तिचा आकडा जागेवर राहतो, पात्यात अडकून वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे धागे उठतात. भोक नसेल तर सुई मागं ढकलली जाते, आकडा पात्यावरून सुटतो, धागा खालीच. चादरीवरचा मोर म्हणजे अशा भोकांचा आणि बिनभोकांचा हिशेब. जॅकार्डचंच रेशमी चित्र १८३९ मध्ये असं विणलं गेलं, त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली, आणि त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजनं घरी लावली होती. सोलापुरात पुढाऱ्यांची आणि देवांची चित्रं विणलेल्या भिंतीवरच्या तसबिरी मिळतात, त्या त्याच घराण्यातल्या. जॅकार्डपासून कॉम्प्युटर आला असं मोठ्या तोंडानं सांगितलं जातं. भोकांच्या कार्डांपुरतं ते खरं आहे, पण मागावर वारसा चालायचा असा अर्थ कुणी काढू नये.

मुद्दा असा की जॅकार्ड खाली उतरवता येतो, त्या जागी डॉबी, म्हणजे साध्या नक्षीचं यंत्र, चढवता येते. आता तर कार्डांऐवजी इलेक्ट्रॉनिक जॅकार्डही बसतो. खालचा माग तोच. म्हणजे माग ‘जॅकार्ड आहे’ असं नाही, मागाला ‘जॅकार्ड आहे’. मराठीत ही दोन वाक्यं केवळ एका ‘ला’नं वेगळी होतात, पण प्रोग्रॅममध्ये त्या ‘ला’वर सगळं उभं असतं. धागे कुठले उचलायचे हे सांगणारं यंत्र मागाच्या कन्स्ट्रक्टरलाच हाती द्यायचं: हे घ्या बीम, हे घ्या जॅकार्ड. टेरीमागालाही तसंच. मग नक्षीच्या टॉवेलसाठी नवा क्लास लागतच नाही. एरिक गामा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात हाच सल्ला दिला: जमेल तिथं वारशापेक्षा जोडणी बरी. पोरानं तीन क्लास खोडून दोन ठेवले. खोडताना चेहरा पडला होता, कारण ते लिहायला त्याचा रविवार गेला होता.

शेवटी त्यानंच मला अडचणीत टाकलं. “सर, पण आमच्यात नवा बीम आला की कुणी पहिल्यापासून धागे ओवत नाही.”

खरंच आहे. बीम संपत आला की जुन्या ताण्याची टोकं वहीत आणि फणीत तशीच ठेवून ताणा मागून कापतात. नव्या बीमचा एकेक धागा जुन्या टोकाला गाठ मारून जोडायचा. सगळ्या गाठी झाल्या की हळूच पुढं ओढायचं. जुने धागे नव्यांना डोळ्यांतून आणि दातांतून घेऊन जातात. ओवण्याचं सगळं शहाणपण आधीच्या ताण्याकडून मिळालं, क्लास कुठंच नाही.

अशाही भाषा आहेत. १९८७ मध्ये डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी सेल्फ नावाच्या भाषेवर निबंध लिहिला, तिच्यात क्लासच नव्हते. ऑब्जेक्टपासूनच ऑब्जेक्ट. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा त्यांनी हीच वाट घेतली. तिथं प्रत्येक ऑब्जेक्ट दुसऱ्या एका ऑब्जेक्टला गाठ मारून असतं, त्या दुसऱ्याला प्रोटोटाइप म्हणतात. एखादी गोष्ट आपल्याकडं नसली की गाठीच्या पलीकडं विचारायचं, तिथं नसली तर त्याच्याही पलीकडं. २०१५ मध्ये जावास्क्रिप्टला क्लास हा शब्द मिळाला, ‘सुपर’ही मिळालं, आणि वारसाच्या कन्स्ट्रक्टरनं ‘सुपर’च्या आधी स्वतःला हात लावला तर ती आज चूक दाखवते. पण वरचा रंग खरवडला तर खाली गाठीच. एक फरक मात्र आहे. मागावर नवे धागे ओढून झाले की जुनी टोकं कापून टाकतात. जावास्क्रिप्टमध्ये ती गाठ राहते, आणि जुन्यात बदल केला तर नव्याला तो दिसतो.

“म्हणजे विचारत विचारत मागं गेलं तर?”

“साखळी जाते सगळ्यांच्या मूळ ऑब्जेक्टपर्यंत.”

“आणि त्याच्या मागं?”

“नल.”

पोरगं क्षणभर गप्प. मग म्हणालं, “म्हणजे शेवटी दमयंतीचाच नवरा.”